टोल हाकलला, आता बागपट्टी मागून घेऊया

प्रति,
कोल्हापूर शहरातल्या सर्व तालमी, तरुण मंडळं, महिला मंडळं, कृती समित्या
आणि घरफाळा भरणारे सगळे

विषय : घरफाळ्याच्या बिलात बागांसाठी वेगळी पट्टी लावून घेण्याबाबत

स. न. वि. वि.

विषय वाचून निम्म्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. आमच्या घरातही पडल्या. धाकट्या दिरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, कोल्हापुरात राहून कर मागतायसा? लोक गाढवावरनं धिंड काढतील."

त्यांचं चुकत नाही. कर, टोल, दरवाढ असले शब्द कानावर आले की आपलं गाव आधी बिंदू चौकात जमतं आणि मग काय झालंय ते विचारतं. टोलच्या मोर्चात मीही होते. एन. डी. पाटील सर त्या वयात भर उन्हात पुढे चालताना बघितलेत, आणि त्यांच्या मागे चालताना आपण दमलो असं म्हणायची लाज वाटलेलीही आठवते. तेव्हा मला कुणी कराचं प्रेम आहे असं समजू नये. घरफाळ्याचं बिल आलं की मीही आधी दोन शब्द बोलते आणि मगच पर्समधून पैसे काढते.

पण टोल आपण का हाकलला? रक्कम मोठी होती म्हणून नव्हे. आपल्याच गावात, आपल्याच घरासमोरच्या रस्त्यावर, भलत्याच कुणी केलेल्या कराराचे पैसे आपण वर्षानुवर्षं नाक्यावर मोजायचे होते आणि ते कुठं जातात ते विचारायची सोय नव्हती. राग त्याचा होता. बागपट्टीचा व्यवहार नेमका उलटा व्हावा असं आम्ही काही बायका म्हणतोय. मागणी आपली, दर आपल्यासमोर ठरलेला, पैसा वेगळ्या खात्यात आणि हिशेब बागेच्या फाटकावर लावलेला. तसं लेखी निवेदन आम्ही महापालिकेला देणार आहोत. पण त्याआधी तुमच्याशी बोलायला पाहिजे, कारण उद्या ही पट्टी लागली तर पहिला मोर्चा तुमचाच निघणार.

हे डोक्यात आलं कुठून ते सांगते. आमच्या घराजवळ एक बाग आहे. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, ती तसलीच, आमची बरी आहे. तिथल्या झोपाळ्याची साखळी एका संध्याकाळी तुटली आणि माझी नात तोंडावर पडली. हनुवटीला तीन टाके. दुसऱ्या दिवशी गल्लीनं कुणाचीही वाट न बघता वर्गणी काढली. दोन दिवसांत अकरा हजार चारशे जमले. नव्या साखळ्या आल्या, एका घरातल्या वेल्डिंगवाल्या पोरानं मजुरी घेतली नाही, पोरांनी रंग मारला, बायकांनी पोहे केले, फोटो निघाले. मला त्या दिवशी आपल्या गावाचा फार अभिमान वाटला. अजूनही वाटतो.

मग पावसाळा आला. आपल्याकडचा पाऊस म्हणजे जूनमध्ये सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत बागेत पाय ठेवायची सोय नाही. ऑक्टोबरात जाऊन बघितलं तर बेअरिंग गंजून गेलेली, दोन नट गायब, एक पाटी चिरलेली. मी पुन्हा वही घेऊन दारोदार फिरले. पहिल्या खेपेला पन्नास घरांनी पैसे दिले होते, या खेपेला सात घरांनी दिले. मी कुणाला नावं ठेवत नाही. तिसऱ्या जिन्यावर मलाच वाटलं, जाऊ दे, उद्या बघू.

आपल्या गावाचा पिंडच असा आहे. झोपाळा बसवायचा म्हटला की आपल्याला तो उत्सव वाटतो, आणि उत्सवाला आपण कधी हात आखडत नाही. गणपती, शिवजयंती, पुराच्या वेळी लोकांना जेवण, पंचगंगा घाटाची सफाई, काहीही सांगा. पण त्या झोपाळ्याला दर महिन्याला ग्रीस लावायचं काम उत्सवाचं नाही. ते पगारी माणसाचं काम आहे, आणि पगार वर्गणीतून देता येत नाही.

मी गल्लीतली भिशी तीस वर्षं चालवते. त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय. ज्या पैशाला तारीख आहे तो पैसा येतो. "जमेल तेव्हा द्या" म्हटलं की जगातली सगळ्यात चांगली बाईसुद्धा देत नाही.

बागेला नेमकं काय लागतं, हे बागेत रोज जाणाऱ्यालाच कळतं. श्रावणात पंधरा दिवस गवत कापलं नाही तर गुडघ्याला लागतं, त्यात जनावर निघतं, आणि एकदा साप दिसला की महिनाभर आया पोरांना पाठवत नाहीत. एप्रिल-मे मध्ये पाणी नसलं की चार वर्षं वाढवलेली हिरवळ पंधरा दिवसांत पिवळी पडते. ओपन जिमची यंत्रं तर विचारूच नका. उद्घाटनाच्या दिवशी माणसं रांगा लावतात, वर्षानं त्यातली दोन चालू असतात आणि त्यांवर ओल्या सतरंज्या वाळत असतात. दिवा गेला की संध्याकाळी सातनंतर बाग पुरुषांची होते. स्वच्छतागृहाला कुलूप असलं की माझ्या वयाच्या बायका फिरायला येतच नाहीत, किंवा येतात आणि अर्ध्या तासात घरी जातात. याचं कारण कुणी तोंडानं सांगत नाही म्हणून मी इथं लिहून टाकलं.

यातल्या एकाही कामाचं उद्घाटन होत नाही. म्हणूनच त्याला पैसे मिळत नाहीत. आमदार फंड, खासदार फंड, सरकारी योजना यांतून बाग *होते*. फाटक होतं, पेव्हिंग ब्लॉक होतात, कारंजं होतं. माळ्याचा दर महिन्याचा पगार मात्र कुठल्याच फंडातून निघत नाही. तो महापालिकेच्या रोजच्या कमाईतून द्यावा लागतो, आणि ती कमाई कशी आहे ते आपल्याला माहीत आहे. जकात गेली. तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक सगळ्या व्यापाऱ्यांना माफ झाला. २०१७ ला जीएसटी आला आणि तेव्हापासून त्यापोटी सरकार देईल त्या अनुदानाकडे डोळे लावून बसायचं. हातात आपलं म्हणावं असं उरलं ते मुख्यतः घरफाळा आणि पाणीपट्टी.

माझा भाचा वकील आहे. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून मुंबईच्या वाऱ्या वाचल्या म्हणून खूश असतो. त्याच्याकडून एक रविवार कायदा समजून घेतला. महापालिकांचा कायदा १९४९ चा. त्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेनं करायलाच पाहिजेत अशी कामं दिलीत : पाणी, दिवे, गटारी, आग विझवणं, प्राथमिक शाळा. कलम ६६ मध्ये मन झालं आणि पैसा उरला तर करायची कामं दिलीत. सार्वजनिक बागा आणि खेळाची मैदानं या दुसऱ्या यादीत आहेत. पैसा उरला तर! आता हा पैसा कुठल्या महापालिकेत, कुठल्या वर्षी उरलाय, ते सांगा. बागांना स्वतःचं खातं का पाहिजे, याला माझ्या मते एवढं एक कारण पुरे आहे.

भाच्यानं आणखी एक गंमत दाखवली. करांची तरतूद त्याच कायद्याच्या कलम १२७ मध्ये आहे. आणि नगररचनेचा जो १९६६ चा कायदा आहे, त्याचंही एक कलम १२७ आहे. ते काय म्हणतं? विकास आराखड्यात एखाद्या जागेवर बाग किंवा मैदान म्हणून आरक्षण टाकलं आणि दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण आपोआप उठतं. मालकाचंही चूक म्हणता येत नाही, त्यानं किती वर्षं अडकून पडायचं? पण बाजारभाव बघा, त्यात २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं शहरात त्याच्या साधारण दुप्पट मोजावे लागतात. टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क, देऊन भागतं तिथं भागतं. नाही तर नकाशावरचा हिरवा ठिपका पुसला जातो आणि सहा महिन्यांत तिथं पार्किंगसह चार मजले उभे. म्हणजे एका १२७ खाली आपण पैसा उभा केला नाही, तर दुसऱ्या १२७ खाली जागा जाते.

जागा जाणं म्हणजे काय असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. हे तळ्यांचं गाव होतं. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम आलं. मैदान झालं, स्टेडियम झालं, ते बरंच झालं. नाही तर आपल्या पेठांतल्या पोरांनी फुटबॉल कुठं खेळला असता? पण दर पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साठतं तेव्हा मला वाटतं, ते तळं अजून आपली जागा विसरलेलं नाही. आता बुजवायला तळी उरली नाहीत. उरल्यात त्या बागा.

आणि पुराचं तर बोलायलाच पाहिजे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा तेच. नदीकाठच्या आणि नाल्याकाठच्या जागेचं करायचं काय, यावर आपण दर ऑगस्टमध्ये भांडतो आणि दसऱ्यापर्यंत विसरतो. बाग आठवडाभर पाण्याखाली राहिली तर गाळ काढून, धुऊन पुन्हा चालू करता येते. घर धुतलं तरी त्यातला संसार परत येत नाही. जयंती नाल्याकाठचं हुतात्मा पार्क पाणी झेलतं म्हणून कुणाचं काही वाहून जात नाही. पूररेषेतल्या जागा हिरव्या ठेवायच्या तर त्या सांभाळणारी माणसं लागणार, कारण न सांभाळलेली मोकळी जागा आपल्याकडे किती दिवस मोकळी राहते, ते प्रत्येक गल्लीला ठाऊक आहे.

आता आकडे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या ५,४९,२३६. कमीत कमी दहा चौरस मीटर धरले तरी साडेपाच चौरस किलोमीटरच्या आसपास होतात. शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर. म्हणजे ढोबळ बारा भागांतला एक भाग बागा-मैदानांचा पाहिजे. तुमच्या भागात तो दिसतोय का, ते गच्चीवर जाऊन बघा. आणि ही लोकसंख्या २०११ ची आहे, हेही लक्षात ठेवा.

पट्टी किती? हिशेब सोपा व्हावा म्हणून एक लाख मिळकती धरू आणि सरासरी दिवसाला एक रुपया. वर्षाचे तीन कोटी पासष्ट लाख. एका माळ्याला सगळं धरून महिना वीस हजार लागतात असं समजा, तर शंभर माळी वर्षभर ठेवायला दोन कोटी चाळीस लाख. उरलेल्या सव्वा कोटीत पाणी, दिवे, स्वच्छतागृहं, झोपाळ्यांचे नट. हा माझा वहीतला हिशेब आहे, महापालिकेच्या माणसांनी तो खोडून बरोबर करावा, माझी हरकत नाही. पण रकमेचा अंदाज येतो. वर्षाचे तीनशे पासष्ट म्हणजे चौघांनी एक दिवस बाहेर मिसळ खाल्ली, कटासकट. आणि ही सरासरी आहे. दोन खोल्यांच्या घराला पूर्ण माफी पाहिजे, मोठे बंगले, मॉल, कार्यालयं यांना जास्त. सगळ्यांना सारखा रुपया लावला तर तो मी स्वतः देणार नाही.

"आम्ही वृक्षकर भरतो की", असं एकजण म्हणाले. झाडांच्या १९७५ च्या कायद्यातला तो उपकर झाडांसाठी आहे. लावणं, मोजणं, जगवणं. घसरगुंडी आणि बायकांचं स्वच्छतागृह त्यात कसं बसवणार? "आधी मोठ्या थकबाकीदारांकडून वसूल करा", हे दुसऱ्यांचं म्हणणं. शंभर टक्के खरं. आमच्या निवेदनात ती मागणी पहिली आहे. पण थकबाकी एकदाच येते आणि माळ्याला पगार दर महिन्याला लागतो.

"बागेला तिकीट लावा, जो येईल तो देईल." हे सगळ्यात जास्त जणांनी सांगितलं आणि मला तेच सगळ्यात कमी पटतं. तिकीट म्हटलं की खिडकी आली, खिडकीत माणूस आला, निम्मे पैसे त्याच्याच पगारात. आणि धुणं-भांडी करून पोराला घेऊन येणारी बाई दारातून परत जाणार. शाळेला सुट्टी पडली की ज्या पोरांना आजोळ नसतं, गावाला जायला गाव नसतं, ती दिवसभर बागेत असतात. त्यांच्याकडून पाच रुपये घ्यायचे?

हद्दीबाहेरच्यांचा प्रश्न अवघड आहे, ते मी मान्य करते. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून हद्द आहे तिथंच आहे, आणि आसपासच्या गावांतली माणसं रंकाळ्यावर आपल्याइतकीच फिरतात. त्यांचा घरफाळा इकडं येत नाही. पण ती माणसं आपल्या दुकानांतून खरेदी करतात, आपल्या शाळांत पोरं घालतात. रंकाळ्यावर कोण कुठल्या गावचा ते विचारत बसायचं म्हणजे फारच झालं. हद्दवाढीवर मी इथं काही बोलत नाही, नाही तर पत्राचं दुसरंच काहीतरी होईल.

राहिला तो खरा आक्षेप. "पैसे खातील." भावांनो, याला माझ्याकडे भिशीचंच उत्तर आहे. भिशीत पैसा कुणी का खात नाही? बायका देवमाणसं आहेत म्हणून नाही. दर महिन्याला सगळ्यांसमोर वही उघडते म्हणून. तर वही उघडी पाहिजे. बागपट्टीचं खातं वेगळं, त्यातला रुपया दुसरीकडे वळवायचा नाही. प्रत्येक बागेच्या फाटकावर फळा : या तीन महिन्यांत या बागेवर इतके खर्च झाले, माळ्याचं नाव अमुक, पुढचं काम तमुक. त्या भागातल्या पाच जणांनी, त्यांत तीन बायका, सही केल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघायचं नाही. या पैशातून कमान, कारंजं, पुतळा, नामफलक काही करायचं नाही. ज्यांना आपलं नाव लावायचं आहे त्यांनी स्वतःच्या खिशातून झाड लावावं आणि पाच वर्षं पाणी घालावं. आणि पट्टी पाच वर्षांपुरतीच. पाच वर्षांनी बागा बघायच्या, पटलं तर पुढं चालू, नाही तर बंद, आणि तेव्हा बिंदू चौकात सगळ्यात पुढं मी असेन.

मावसबहिणीची लेक अमेरिकेत सिएटलला असते. तिनं सांगितलं, तिथं ऑगस्ट २०१४ मध्ये बागांसाठी घरांवर वेगळा कर लावायचा का, यावर चक्क मतदान झालं आणि लोकांनी हो म्हटलं. आपल्याकडे कराला मत द्यायची सोय नाही, ते सभागृहात ठरतं. पुढच्या वर्षाचे दर कायद्यानं २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. एकदा ती तारीख गेली की वर्ष गेलं. आणि सभागृहातल्या माणसांची अडचणही समजून घ्या. कोल्हापुरात कर वाढवा म्हणायची छाती कुणाची होणार? लोकच सांगायला आले तर गोष्ट वेगळी.

म्हणून सह्या. तालमींनी आपापल्या लेटरपॅडवर पत्र दिलं तर उत्तम. विरोध असेल तर तोही लेखी द्या, आम्ही निवेदनाला जोडू, लपवणार नाही. पुढचे चार रविवार सकाळी सात ते नऊ आम्ही रंकाळ्यावर वही घेऊन बसणार आहोत. भांडायला या, सही करायला या, माझा हिशेब चुकला असेल तर आकडे घेऊन या. फक्त पेन ज्याचं त्यानं आणावं. मागच्या रविवारी सह्या झाल्या एकेचाळीस आणि आमची तीन पेनं गेली.

आपली,
मंगळवार पेठेतली एक घरफाळा भरणारी